मशीनमास्तरांच्या नावानं

लोकांच्या वेबसाइट इंटरनेटवरच्या शोधात वर आणणं हा माझा धंदा, आणि त्यात मी स्वतःला फार शहाणी समजते. म्हणून दादानं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान काढलं, तेव्हा त्याचं पान मीच लिहिलं. पण दुकानाकडे कुत्रंसुद्धा फिरकेना. मग मी जरा खोदून पाहिलं, लोक फोनवर शोधतात तरी काय? तर 'मशीनमास्तर'. शिवणकाम करणाऱ्या सगळ्यांना हे एकच नाव ठाऊक.

मशीनमास्तर म्हणजे दादाचे गुरू. मागच्या गल्लीत त्यांचं दुकान, दादा तिथेच शिकला. मी शाळेतून आले की त्यांच्या काउंटरखाली बसून त्यांच्याच डब्यातलं खायची. त्यांची वेबसाइट वगैरे काही नाही. मी दादाच्या पानावर त्यांचं नाव जिथेतिथे पेरलं. 'मशीनमास्तरांच्या हाताखाली घडलेला कारागीर.' 'मशीनमास्तरांसारखंच काम हवंय?' खाली फोन नंबर दादाचा. थोड्याच दिवसांत ते नाव टाकलं की आमचं पान सगळ्यांत वर. दादा म्हणाला, बरं दिसतं का हे? मी म्हटलं, एक अक्षर खोटं नाहीये, तू गप काम कर. तो गप बसला. गिऱ्हाइकांची रीघ लागली की सगळेच गप बसतात.

काल दुपारी मास्तर स्वतः दुकानात आले. मी तिथेच होते. ते आले ते हसतच. दादानं चहा सांगितला. मास्तर म्हणाले, हल्ली कोणी येत नाही, महिनाअखेर शटर कायमचं ओढायचं ठरवलंय. पण सुनेनं दादाचं पान दाखवलं आणि त्यांना राहवेना. आजकालची पोरं गुरूचं नाव घ्यायला लाजतात, आणि यानं ओळीओळीत घेतलंय म्हणे. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मला नीट दिसत नाही, तू वाचून दाखव, म्हणाले.

वाचलं. काय करणार? वाक्यं माझीच, आणि हा भला माणूस डोळे मिटून ऐकतोय, मधेच मान डोलावतोय. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादानं तर उघड्या मशीनमधून डोकंच वर काढलं नाही. शेवटाशी येऊन मी थांबले.

"खाली माझा नंबर असेल ना? तोही वाच."

मी वाचला. त्यांनी डोळे उघडले.

"हा तर याचा," ते म्हणाले. मग माझीच समजूत काढल्यासारखं म्हणाले, "चुकून पडला असेल, पोरी. बदलून टाक."

नुसतं हो म्हटलं असतं तरी सुटले असते. पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते जमेना.

"चुकून नाही, मास्तर. तुमचं गिऱ्हाईक इकडे यावं म्हणून मीच टाकला."

त्यांनी फोन घेतला, खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं. तेवढ्यात चहा आला.

"चहा राहू दे मग," म्हणाले, आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरले.

ते कोपऱ्यावरही पोचले नसतील, तोच दुकानातला फोन वाजला. दादा हलेना, म्हणून मी घेतला. एक बाई विचारत होती, मशीनमास्तरच ना? नाही म्हटलं, ते मागच्या गल्लीत बसतात. मग त्यांचा नंबर द्या, ती म्हणाली.

तो मला माहीतच नव्हता.