नाक्यावरची पाटी आणि पाखरांची जुडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पाटी आहे. शाळेत लिहायची नव्हे हं! मी परातीएवढी गोल, अंगावर काचेसारखा गुळगुळीत निळा मुलामा, आणि त्यावर उर्दू, तेलुगू व मराठीत एकच शब्द: 'थांबा'. जन्मभर एकच शब्द बोलले, पण असा, की बैलांनीसुद्धा ऐकावा!

माझा जन्म भट्टीत झाला. पत्रा तापवला, मुलामा चढवला, पुन्हा तापवला. ती धग आठवली की अजून अंग चटकते. मग रेल्वेने आदिलाबादला आणि तिथून बैलगाडीने मी पैनगंगेच्या काठी आले. तिथे निजामाच्या राज्याची हद्द संपत होती आणि करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. माझ्या पोटात मधोमध भोक पाडून मला खांबाला आवळले. इकडचा कापूस तिकडे जावो की तिकडचा गूळ इकडे येवो, गाडी माझ्यापुढे थांबायचीच. नाक्याचे शिपाई नागोराव रोज सकाळी ओल्या फडक्याने माझे तोंड पुसत. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "क्या चमकती है!" त्या दिवशी मी फुगून खांबावरून निसटायचीच राहिले होते.

पण सगळे दिवस सारखे नसतात. संस्थान भारतात सामील झाले आणि पुढे नाकाही उठला. खांब कुणाच्या तरी चुलीत गेला. नागोरावांना माझी माया, म्हणून त्यांनी मला घरी आणले. आणि त्यांच्या बायकोने, प्रयागबाईंनी, मला काय काम द्यावे? कोंबड्यांच्या खुराड्याचे दार! जिने मोठमोठ्या व्यापाऱ्यांच्या गाड्या अडवल्या, तिच्यावर कोंबड्या चोची घासू लागल्या. मित्रांनो, लोखंडाला रडायची सोय नसते, नुसते गंजता येते. मी कडेकडेने गंजू लागले.

मग राज्यांची नवी वाटणी झाली. आम्ही आंध्र प्रदेशात आलो आणि नदीपलीकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नागोरावांच्या मुलाचे, फकिराचे, लग्न झाले होते आणि नदीपलीकडची शकू सून होऊन घरी आली होती.

या घराची एक रीत होती. नव्या सुनेने पहिल्या ज्वारीच्या कणसांची जुडी पाखरांसाठी वळचणीला टांगायची. पाखरांनी शेवटचा दाणा टिपला की मगच तिने नव्या पिठाची शिदोरी घेऊन माहेरी जायचे. दुसऱ्या कुणी जुडीला तोंड लावले तर ती बाद, नवी टांगायची! शकूच्या धाकट्या बहिणीचे, भागीचे, लग्न मार्गशीर्षात होते. जुडी संपली नाही तर शकूला सख्ख्या बहिणीच्या अक्षता टाकायला मिळणार नव्हत्या.

शकूने हौसेने जुडी टांगली. सकाळी पाहते तो नुसती दोरी लोंबत होती! आणि समोरच्या लिंबावर खारूताई दोन्ही हातांत कणीस धरून मजेत खात बसली होती. आमच्याकडे खारीला चानी म्हणतात.

"आत्याबाई, चानीनं नेली व जुडी!" शकू ओरडली.

"मंग दुसरी बांध. चानी काई पाखरू नोय," प्रयागबाई म्हणाल्या.

फकिराने खडा उचलला, तशा प्रयागबाई कडाडल्या, "टाक तो! रामाचा हात फिरला हाये तिच्या पाठीवर. माह्या घरी चानीले कोनी मारनार नाई!"

आता आली का पंचाईत! मारायचे नाही आणि खाऊही द्यायचे नाही. शकूने दोरीला बाभळीच्या काट्या बांधल्या, चानी त्यांतून अंग चोरून खाली उतरली. शकूने बुजगावणे उभे केले, तर चिमण्या पळाल्या आणि चानी बुजगावण्याच्या डोक्यावर बसून जेवली! एकामागून एक जुड्या बाद झाल्या. शकूचा चेहरा उतरला. रात्रंदिवस तिच्या डोळ्यांपुढे भागीचा मांडव.

एके दिवशी ती कोंबड्या कोंडायला आली आणि माझ्याकडे टक लावून पाहू लागली.

"मामाजी," तिने नागोरावांना हाक मारली, "ही नाक्यावरची पाटी नोय काय? मी लहान असताना आमची गाडी इच्यापुढं किती येळ उभी राहे! माह्या बापाले थांबवलं इनं, चानीले थांबवते का पाहू!"

मित्रांनो, माझा कण न् कण शहारला! नागोरावांनी मला राखेने घासले. माझ्या भोकातून दोरी ओवली, खाली गाठ मारली आणि गाठीखाली जुडी बांधली. मी जुडीवर छत्रीसारखी झाले. किती वर्षांनी अंगाला वारा लागत होता!

आली! चानी दोरीवरून सरसर आली. माझ्यावर एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि मी अशी कलंडले की बाईसाहेब घसरून थेट खालच्या कडब्यावर! उठल्या, शेपटी झटकली, पुन्हा आल्या. पुन्हा घसरल्या! शकू टाळ्या पिटून हसत होती. मी मनात म्हटले, बघ, मी कोण आहे ते.

गर्वाचे घर खाली! चानीने दोरीचा नाद सोडला, कुडाची भिंत चढली आणि तिथून उडी मारून जुडीच पकडली. ती जुडीही बाद. शकूने डोळ्यांना पदर लावला.

"रडतं काऊन व पोरी?" नागोराव म्हणाले. "नाक्यावर बी असंच होये. आमी समोर उभे, अन् गाड्या खालच्या उतारानं पार! आधी चोरवाट पाहा लागते."

त्यांनी अंगणाच्या मधोमध, भिंतीपासून आणि लिंबापासून दूर, उंच बल्ली रोवली. तिला आडवे लाकूड बांधून त्याला नव्या जुडीसकट मला लटकवले. आता उडी पोचेना. चानी बल्लीवर चढली, आडव्या लाकडावरून दोरीला आली, माझ्यावर घसरली, चिरचिर करून मला शिव्या मोजल्या आणि गेली. आणि चिमण्या आल्या! आधी एक, मग थवाच. माझ्या पोटाखाली नुसती चिवचिव! मित्रांनो, नाक्यावर लोक माझ्यापुढे कपाळाला आठ्या घालून थांबत. इथे पहिल्यांदाच माझ्या सावलीत कुणी आनंदाने जेवत होते.

जुडी रोज हलकी होत गेली. उद्या भागीचे लग्न, आणि शकूचा भाऊ डोमाजी गाडी घेऊन दारात आला. जुडीत एकच कणीस उरले होते, आतल्या बाजूला थोडे दाणे असलेले. पण बैलांच्या घुंगरांनी चिमण्या उडून गेल्या.

"उन्हं उतरायच्या आत नदी पार करा लागते, मावशी," डोमाजी प्रयागबाईंना म्हणाला.

"थोडं थांब, येतीन पाखरं."

सगळे गप्प बसून वर पाहू लागले. इतकी माणसे डोळे लावून बसल्यावर कोणती चिमणी येईल? शकू बोचके उराशी धरून उभी होती. सावल्या लांबत चालल्या. मी वाऱ्यावर हलले तरी शकू दचकून वर बघे. मला वाटले, आता ही पोर रडणार आणि मीही गंजणार.

प्रयागबाईंनी एकदा सुनेकडे पाहिले. मग ताडकन उठल्या, बाजेवर चढल्या, शेवटचे कणीस खस्सकन ओढले, तळहातावर चोळले, फुंकर मारली आणि दाणे स्वतःच्या तोंडात टाकले! उरलेल्या चार दातांनी त्या कुडूमकुडूम चावत राहिल्या.

"खाल्लं चिमनीनं," त्या म्हणाल्या. "मी कोनाच्या घरची चिमनी नाई काय? मले बी माय होती. बस गाडीत!"

शकू त्यांच्या गळ्यातच पडली. डोमाजीने बैलांना हाकारले आणि गाडी नदीच्या वाटेला लागली. प्रयागबाई दारात उभ्या राहून कितीतरी वेळ तोंडातले दाणे चावत होत्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची कड पुसून ठेवा, त्या अजून कामाला येतात. पाखरांसाठी कणसे टांगाल तेव्हा मूठभर दाणे चानीसाठी खालीही टाका, तिलाही पोट आहे. आणि तुमच्या घरातल्या कुणाला आईकडे जायचे असेल, तर पाखरांची वाट बघत बसू नका. तिला जाऊ द्या.