सिस्टरच्या उजव्या कानातून

मी कानाचं मशीन बोलतोय. दुसऱ्यांचं बोलणं पोचवणं एवढंच माझं काम. स्वतःचं काही सांगायची पाळी आजवर आली नव्हती.

माझा जन्म एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाला. तंत्रज्ञाने सिस्टरच्या कानात गार लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर काढला आणि त्या मापाने मला घडवलं. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या कानात मी बसायचा नाही.

"भाषणं करून करून बहिरी झाले," सिस्टर म्हणाल्या.

"भाषणं करून कान जात नाहीत, बाई."

"मग इतरांची ऐकून गेले असतील."

सिस्टर तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर बंदरातल्या हमालांना घेऊन त्यांनी एक लहानसा पक्ष काढला. मग देशाची निवडणूक आली आणि सरकार हटवायला विरोधातले पाच पक्ष एकत्र आले. सगळ्यात मोठा पक्ष वकीलसाहेबांचा. पण त्यांना नेता मानायला बाकीचे तयार नव्हते, आणि बाकीच्यांना ते. शेवटी ज्यांची कुणालाच भीती वाटत नव्हती, त्या सिस्टरना आघाडीचं समन्वयक केलं.

चार महिने मी काय काय ऐकलं! फलकावर कुणाचा चेहरा मोठा. सभेत शेवटी कोण बोलणार. जाहीरनाम्यात 'करू' लिहायचं की 'करण्याचा प्रयत्न करू'. एकदा तर खुर्च्यांच्या रांगेवरून दोघे पुढारी उठून चालले होते. सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "ताप उतरेपर्यंत पेशंटला घरी सोडत नाही मी," म्हणाल्या. दोघे हसले आणि बसले.

या सगळ्याच्या बदल्यात त्यांनी एकच जागा मागितली होती, बंदराची. उमेदवार होता त्यांच्या रुग्णवाहिकेचा जुना ड्रायव्हर. वीस वर्षं दोघांनी मिळून माणसं वाहिली होती. तो त्यांना ताई म्हणायचा.

यादी ठरायच्या दिवशी दुपारी मी नेमका शिट्टी वाजवायला लागलो. सिस्टरनी मला काढून रुमालावर ठेवलं आणि त्या नवी बॅटरी शोधत पर्स उपसू लागल्या. माझी शिट्टी थांबली, पण मी चालूच होतो. वकीलसाहेब खिडकीकडे वळले.

"बंदराची जागा पैलवानाला देऊ," ते म्हणाले. पैलवान म्हणजे त्यांच्याच पक्षातला, तिकीट न मिळाल्याने रुसून बसलेला गडी. "नाहीतर तो तिकडे, सरकारच्या बाजूला जाईल."

"आणि सिस्टर?" कुणीतरी विचारलं.

"त्या कुठे जाणार? आघाडी मोडू नये म्हणून गप्प बसतील."

मी सगळं ऐकलं. पण ज्या कानापर्यंत पोचवायचं, तो कान हातभर लांब होता.

मला पुन्हा कानात घातल्यावर सिस्टरनी विचारलं, "ठरल्याप्रमाणेच ना?"

"अगदी!" वकीलसाहेब मोठ्याने म्हणाले. "यादी वाचून तुम्हीच दाखवायची हं."

संध्याकाळी पत्रकारांनी भरलेल्या सभागृहात सिस्टर आयत्या वेळी हातात दिलेली यादी वाचत होत्या. पहिल्याच रांगेत ड्रायव्हर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. बंदराच्या ओळीपाशी त्या थांबल्या. मला त्यांचा श्वास ऐकू आला. कॅमेऱ्यांचा खटखटाट वाढला. तेव्हा त्या कागद खाली ठेवू शकल्या असत्या. पण पाच पक्ष, चार महिने, महिन्यावर आलेली निवडणूक... त्यांनी पैलवानाचं नाव वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

ड्रायव्हर बाहेर जिन्यात भेटला.

"ताई, दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर मी मानलं नसतं."

"मला माहीत नव्हतं रे."

"वाचताना तर कळलं होतं ना?"

तो जिना उतरून गेला. त्याच्या बुटांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत मी त्यांना ऐकवत राहिलो. माझा इलाज नव्हता.

आघाडी जिंकली, अगदी काठावर. बंदराची जागा मात्र गेली. हमाल मतदानाला घराबाहेरच पडले नाहीत. शपथविधीचं आमंत्रण आलं त्या दिवशी सिस्टरनी समन्वयकपदाचा राजीनामा पाठवला. वकीलसाहेबांनी फोनवर त्यांच्या त्यागाची तारीफ केली. तारीफ संपायच्या आत सिस्टरनी फोन ठेवला.

आता माझं झाकण तुटलंय, चिकटपट्टीवर भागतंय. सिस्टर रोज बंदरामागच्या वस्तीत जातात, दार वाजवतात. लोक नको नको ते बोलतात. मुलगी म्हणते, "आई, निदान तिथे तरी मशीन काढून ठेव." त्या ऐकत नाहीत. म्हणजे ऐकतात, सगळ्यांचं ऐकतात, पण मला काढत नाहीत. तुमच्या दारी आल्या तर तुम्हीही काय ते बोला. दार तेवढं लावू नका.

काल आम्ही पुन्हा ड्रायव्हरच्या घरी गेलो. बायकोने दार अर्धंच उघडलं. "ते घरी नाहीत," म्हणाली.

आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. दाबून, उशीत तोंड खुपसून खोकावं तसं. मी ते जसंच्या तसं पोचवलं.

सिस्टरनी उजवा कान अर्ध्या दाराकडे केला.

"आल्यावर सांगा त्याला," त्या म्हणाल्या, "खोकला कोरडा नाही, छातीत कफ आहे. अंगावर काढू नको म्हणावं. उद्या औषध घेऊन येते."

बायकोने मान खाली घातली. पण दार लावलं नाही.