पुरात वाहून गेलेल्या भट्ट्या

मुलं मला पाठीमागे ‘फौजदारबाई’ म्हणतात. मला ते ठाऊक नाही असं त्यांना वाटतं, वाटू दे. सव्वीस वर्षं इतिहास शिकवून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. जिवंत माणसं तोंडी खोटं बोलतात आणि मेलेली लेखी. म्हणून नववीच्या नव्या वर्गाकडून मी पहिल्याच तासाला एक वाक्य घोकून घेते : ‘एका पुराव्यावर कुणावर आरोप करू नये, दुसरा शोधावा.’ वर्ग ते पाढ्यासारखं म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

सहामाहीत चार गुणांचा प्रश्न होता, विणकरांच्या उठावाची कारणं लिहा. पुस्तकात कारणं तीनच आहेत : वाढलेला कर, सुताची टंचाई आणि पुढाऱ्याला झालेली अटक. पण आमच्या शाळेत फार पूर्वीपासून रीत आहे, जितके गुण तितकी कारणं. त्यामुळे बहुतेक मुलं तिसऱ्या कारणाचे दोन तुकडे करून वेळ मारून नेतात. सतराव्या पेपरात मात्र चौथं कारण स्वतंत्र होतं. ‘नदीला पूर येऊन रंगाऱ्यांच्या भट्ट्या वाहून गेल्या.’ असला पूर ना पुस्तकात, ना बाजारातल्या कुठल्या गाइडात. मी गालातल्या गालात हसले. एकोणिसाव्या पेपरात त्याच भट्ट्या पुन्हा वाहून गेल्या. गठ्ठा संपेपर्यंत त्या अकरा वेळा वाहून गेल्या होत्या आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं असलं तर त्यात नवल नाही. चूक सारखी असली, की उगम एक. जुन्या कागदांत कुणी कुणाची नक्कल केली हे आम्ही असंच ओळखतो. तो पूर मलाही कुठेतरी ओळखीचा वाटला होता, नाही असं नाही. पण एकच वाक्य अकरा वेळा वाचलं की कुणालाही ओळखीचं वाटणारच, असं म्हणून मी ते सोडून दिलं. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की होतं.

कुठे मुरतंय तेही मी तासाभरात ठरवून टाकलं. प्रश्नपत्रिका शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात होत्या. कपाटाची किल्ली शिपाईकाकांकडे. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, मुलं तिला ‘किल्ली’च म्हणतात. गेल्या चाचणीत ती काठावर पास झाली होती आणि आता तिला ऐंशीपैकी बहात्तर पडले होते. बापाने पेपर फोडला, कुणा अर्धवट शहाण्याकडून उत्तरं लिहून घेतली आणि मुलीने ती मैत्रिणींना वाटली. मला दुसरा पुरावा हवासा वाटला नाही. मी मोठ्या बाईंना लेखी तक्रार दिली.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी शुक्रवारी दोघांना बोलवायचं ठरवलं. आरोप खरा ठरला तर मुलीला वार्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणजे वर्ष गेलंच, आणि काकांची वीस वर्षांची नोकरीही. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याकडून त्याच दिवशी काढून घेतला. गणिताच्या बाई मला म्हणाल्या, की काकांना त्या वीस वर्षं ओळखतात, ते असलं करणार नाहीत. गणितं तुम्ही ओळखीवर सोडवता का, असं मी त्यांना विचारलं. त्या वह्यांचा गठ्ठा उचलून तासाला गेल्या आणि मला बरं वाटलं, हे कबूल करते.

तरीही गुरुवारी सकाळी मी शाळा भरण्याआधी तासभर आले. किल्ली रोज इतक्या लवकर का येते, हे मला बघायचं होतं. जिन्याखालच्या खेळाच्या सामानाच्या खोलीतून आवाज येत होता. दाराच्या फटीतून पाहिलं. जुन्या गाद्यांवर दहा मुली बसलेल्या, समोर किल्ली. ती एका वहीतून वाचत होती आणि बाकीच्या मागून म्हणत होत्या. दहा आणि एक अकरा. मी दार ढकललं, वही हातातून घेतली आणि तशीच निघाले. मुद्देमाल सापडला होता.

शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. मी वही उघडली. पुठ्ठा वाळवीने खाल्लेला, नावाचं पान गेलेलं. आतलं अक्षर सुबक, निळ्या शाईतलं. प्रत्येक सालाभोवती चौकट आणि चौकटीच्या उजव्या कोपऱ्याला एक बारीकशी शेपटी.

ती शेपटी मी आजही काढते.

मग सगळं आठवलं. याच शाळेत, पस्तीस वर्षांपूर्वी, मी खिडकीजवळच्या बाकावर बसायचे. आमच्या सरांना चार गुणांना चार कारणं लागायची आणि माझ्याकडे तीनच होती. बाहेर त्या आठवड्यात नदी फुगली होती. मी विणकरांच्या गावात पूर आणला, भट्ट्या वाहवून टाकल्या आणि सरांनी लाल शाईत लिहिलं, ‘उत्तम. चारपैकी चार.’ वही नमुना म्हणून त्यांनी शाळेच्या कपाटात ठेवून घेतली. पुढे कपाटं साफ झाली आणि वही रद्दीत गेली असणार. इतकं देखणं अक्षर विकवेना म्हणून काकांनी ती लेकीसाठी बाजूला काढली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पेपर फुटलाच नव्हता. पोरी पहाटे उठून माझाच अभ्यास करत होत्या, माझ्या खोटेपणासकट. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी स्वतःच्या सहीने दिली होती.

आणि तरीही, खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो नावाचं पान नसल्याचा. वही कुणाची हे जगात कुणालाच कळलं नसतं. त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा आणि वही शेजारी शेजारी ठेवली होती. काका दाराशी उभे होते, खुर्ची देऊनही बसले नाहीत. मोठ्या बाईंनी किल्लीला विचारलं, ही वही कुणाची? किल्लीने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळच पाहिलं.

“नक्की सांगता येणार नाही, बाई,” ती म्हणाली.

हिला ठाऊक आहे. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण या खेपेला ती माझ्यावरच चुकचुकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“वही माझी आहे,” मी म्हटलं. “पूरही माझाच. पेपर फुटलेला नाही. माझी तक्रार खोटी होती.”

मग मी सगळं सांगितलं, खिडकीजवळच्या बाकापासून दाराच्या फटीपर्यंत. मोठ्या बाईंनी तक्रारीचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि हे सगळं त्याच्याच मागे लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं. काकांची माफी मागितली. जुडगा उचलून त्यांनी एकेक किल्ली तपासली आणि घंटा द्यायची वेळ झाली म्हणून निघून गेले.

व्हरांड्यात मी मुलीला गाठलं. “तुला माहीत होतं ना?”

“फळ्यावर तुम्ही सालाला तशीच चौकट काढता, बाई. शेपटीवाली.”

“मग आत का नाही सांगितलंस? तुझं वर्ष गेलं असतं.”

ती ओशाळल्यासारखी झाली, जणू गृहपाठ अपुरा राहिला होता.

“चौकट हा एकच पुरावा होता, बाई,” ती म्हणाली. “मी दुसरा शोधत होते.”

घंटा झाली. ती वर्गाकडे गेली. तास माझाच होता, पण माझा पाय पुढे पडायला बराच वेळ लागला.