पलीकडच्या राजाचं उत्तर

म्हाताऱ्या थापाड्याने पायातले कोरे करकरीत जोडे काढले आणि पुलाच्या कठड्यावरून नदीत भिरकावून दिले. एक लगेच बुडाला. दुसरा लेकाचा बदकासारखा तरंगत राहिला. म्हाताऱ्याने दगड मारमारून त्यालाही तळाला धाडलं, पडशीतले जुने फाटके जोडे चढवले आणि लंगडत वेशीकडे निघाला.

जोडे पलीकडच्या राजाने दिले होते. त्या मुलखांत रीतच होती: सोयरीक मान्य असेल तर दूताच्या पायांत नवे जोडे घालून त्याला परत पाठवायचं. नकार असेल तर आलास तसा जा.

दरबार त्याची वाटच पाहत होता. दरबार म्हणजे काय, तर चार म्हातारे, गळकं छप्पर आणि गळतीखाली ठेवलेली परात. एके काळी या साम्राज्यात शिरलेलं शिंगरू म्हातारं होऊनच पलीकडे निघे, असं थापाड्याच सांगायचा. आता सकाळी सुटलेलं शिंगरू दुपारी परक्या मुलखात चरत असे, आणि खिडकीतून शत्रूचे तंबू दिसत. सम्राटाने हातपाय मारायचे बाकी ठेवले नव्हते. थोरली लेक उत्तरेला दिली. तिकडून दोन वर्षं घोडदळ आलं, मग नुसते निरोप. मधली पश्चिमेला दिली. ती बाळंतपणात गेली आणि तिच्याबरोबर तहही गेला. उरली होती धाकटी. थापाड्याच्या खांद्यावर बसून वाढलेली.

"काय म्हणाला?" दिवाणांनी विचारलं.

"नाही म्हणाला."

एवढंच. एरवी नुसती नदी कशी ओलांडली हे सांगायला या माणसाला अर्धा दिवस लागे. दिवाण मान खाली घालून उठले, बाकीचे त्यांच्यामागून गेले.

सम्राट मात्र हलला नाही.

"बैस. जोडे काढ, लंगडतोयस तू."

"असू देत, महाराज."

"काढ म्हटलं ना."

दोन्ही टाचांवर टरारून फोड आले होते. पायाला सरावलेल्या जुन्या जोड्यांनी असे फोड येत नाहीत. सम्राटाने ते वाकून नीट पाहिले.

"फौज आहे त्याच्याकडे?"

"आहे."

"आपल्याला पुरली असती?"

"पुरून उरली असती, महाराज."

"आणि माणूस कसा आहे?"

"माझ्याहून म्हातारा. आधीच्या तीन राण्यांचं काय झालं, ते तिथे कुणी बोलत नाही." म्हाताऱ्याने जोडे पुन्हा ओढून घेतले. "दिवाणांना परत बोलावू का?"

सम्राटाने तोंडावरून हात फिरवला. खिडकीबाहेर पाहिलं.

"कशाला? तू सांगितलंस ते ऐकलं त्यांनी."

तेवढ्यात धाकटी आली. तबेल्यातून तशीच, गुडघ्यापर्यंत चिखल.

"काका! काय आणलंत मला?"

"काही नाही गं, बाळा."

"काय हे! मग निदान एक थाप तरी मारा."

म्हाताऱ्याने सम्राटाकडे पाहिलं. सम्राटाने सरकून लेकीला जागा करून दिली.

"पलीकडच्या राजाकडे ना," थापाड्या सुरू झाला, "एवढी फौज आहे, की पुढचा घोडा नदीवर पाणी पिऊन तृप्त होतो, तेव्हा शेवटच्याला तबेल्यात खोगीर चढत असतं. मला म्हणाला, तुमच्या वेशीवरचा शत्रू पेरणीच्या आत पिटाळून लावतो."

"काहीतरीच!" ती खळखळून हसली. "मग आला का नाही?"

जन्मात पहिल्यांदा थापाड्याला पुढचं सुचेना.

"त्याला आपल्याकडचं काही आवडलं नाही," सम्राट म्हणाला.

"आंधळाच दिसतोय मेला," धाकटी म्हणाली आणि पुढचं ऐकायला बापाच्या खांद्याला टेकून बसली.