पुलाखालचा फुकट्या

मी एक दांडा बोलतोय! पोलादाचा, तिरका, नदीवरच्या पादचारी पुलाच्या पोटाखाली बसवलेला. काठावरून वर मान करून बघाल तर दिसेन. पण मुद्दाम कोण बघतंय म्हणा! सगळे वरून जातात, नदीचे फोटो काढतात. काढू देत बापडे. काल जे झालं त्यानंतर मी इतका खुशीत आहे की कोणाचाच राग येत नाही.

कालचं सांगतोच, पण आधी माझा जन्म ऐका. भट्टीत झाला असं वाटलं ना? छे! भट्टी फार नंतरची. मी जन्मलो कॉम्प्युटरच्या पडद्यावर, नुसती एक रेघ म्हणून.

बेकरीच्या वरच्या मजल्यावर एका बहीण-भावाचं ऑफिस आहे. दोघंही इंजिनिअर. या पुलासाठी आराखड्यांची स्पर्धा होती आणि दोघांना ती काहीही करून जिंकायची होती. पूल मजबूत हवा, पण वजनाला हलका, अशी अट. ताईनं पडद्यावर पुलाच्या आकारात ठिपके मांडले आणि प्रोग्रॅमला सांगितलं, यातला प्रत्येक ठिपका आसपासच्या सगळ्या ठिपक्यांशी जोड. झालं! रेघांचा हा एवढा गुंता. त्यात कुठेतरी मी.

मग काय मजा सुरू झाली म्हणून सांगू! प्रोग्रॅम पुलावर माणसांचा भार टाकायचा, वारा सोडायचा आणि प्रत्येक रेघेवर किती जोर आला ते बघायचा. जिच्यावर जास्त जोर ती जाड होणार, जिच्यावर कमी ती बारीक. पुन्हा भार, पुन्हा हिशेब. जिला कामच नाही ती गायब! माझे शेजारी डोळ्यांदेखत नाहीसे होत होते आणि त्या गुंत्यातून हळूहळू पूल वर येत होता. भीती वाटत होती, पण बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

माझी पाळी आली. माझ्यावरचा जोर शून्य! माणसं पुलावर सगळीकडे सारखी पसरलेली असणार, असं दोघांनी धरलं होतं. दोन्ही बाजू सारख्या दबल्या की मधल्या तिरक्या दांड्याला काही उद्योगच उरत नाही. वाऱ्याचं काम बाकीच्या भावंडांनी आधीच वाटून घेतलेलं.

"हा बघ फुकट्या," दादा हसत म्हणाला. "बसून खातोय नुसता. गेला बघ!"

आणि गेलो की मी. ठिपके तेवढे जागच्या जागी राहिले. त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत मी जीव मुठीत धरून थांबलो.

आराखडा पाठवायच्या आदल्या दिवशी दोघं नदीवर फोटो काढायला गेले. परत आले ते भांडतच, म्हणून तर मला सगळं कळलं. तिथे तेव्हा जुना लाकडी पूल होता. हे दोघं मधोमध असताना खालून शर्यतीच्या होड्या आल्या, सरावाला निघालेल्या. पुलावरची सगळी माणसं एकाच कठड्याशी धावली. बाबागाडीवाली बाई धावली, दादा धावला, ताईसुद्धा धावली. मग तिनं सहज मागे पाहिलं, तर दुसरी बाजू रिकामी.

"अरे दादा, आपण दोघंसुद्धा तिकडेच पळालो! आणि प्रोग्रॅमला काय सांगितलंय, तर माणसं सारखी पसरून उभी राहतात!"

"अगं, उद्या पाठवायचंय. आता भार बदललास तर वजन वाढेल, स्पर्धा हातची जाईल."

"जाऊ दे गेली तर! उद्या पूल पिळला गेला की तू खालून धरून उभा राहणार आहेस का?"

दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "टाक. सगळी माणसं एका बाजूला टाक."

ताईनं टाकली. पडद्यावरचा पूल फडक्यासारखा पिळला आणि त्या दोन ठिपक्यांच्या मध्ये, अहाहा, मी! आधी बारीक, मग जाड, मग चांगला दणकट!

"आला रे तुझा फुकट्या परत!" ताई ओरडली.

आम्ही सगळ्यात हलके ठरलो नाही. पण परीक्षकांनी सगळ्यांना विचारलं, गर्दी एकाच बाजूला आली तर काय? तयार उत्तर फक्त ताईकडे होतं. स्पर्धा आम्ही जिंकलो! मग मला पोलादाचं अंग मिळालं, रंग मिळाला, बोल्ट आवळून इथे बसवलं.

आणि त्यानंतर? नुसता बसून! माणसं आपली शहाण्यासारखी दोन्ही बाजूंनी चालत होती. दादा येता-जाता वरून पाय आपटायचा, "काय फुकट्या, मजा आहे ना?" खरं सांगतो, लाज वाटायची. ताई उगीचच भांडली की काय माझ्यासाठी, असं मनात यायचं.

काल होड्यांची शर्यत होती. पूल माणसांनी गच्च भरला. ताई मात्र वर आलीच नाही. खाली काठावर उभी राहून ती माझ्याकडे बघत होती. भोंगा वाजला, होड्या वळणावर दिसल्या आणि सगळा पूल एका कठड्याशी धावला!

बाप रे, काय तो ताण! एक टोक इकडे ओढतंय, दुसरं तिकडे. पूल पिळायला लागला आणि मी त्याला धरला. अंगातला कण अन् कण कामाला लागला होता. धरला, धरला, सोडला नाही! वर आरडाओरडा, टाळ्या, शिट्ट्या, आणि कोणालाही पत्ता नाही. फक्त ताईनं तोंडावर दाबलेला हात काढला आणि ती एकटीच मोठ्यानं हसली.

थोड्या वेळानं दादा धापा टाकत खाली आला. आवाज पार बसलेला.

"तू कुठे उभा होतास रे?" ताईनं विचारलं.

"मी? मधोमध."

"खोटं बोलू नकोस. कठड्यावरून अर्धा बाहेर लोंबत होतास, दिसत होतास मला इथून."

दादा ओशाळला. वर माझ्याकडे बघत राहिला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आज सांभाळलंस रे बाबा."

फुकट्या म्हणाला नाही. ऐकलंत ना? नाही म्हणाला!

म्हणून विनंती एवढीच. या पुलावर आलात आणि पाण्यात काही गंमत दिसली, तर खुशाल सगळे एका बाजूला धावा. पोराबाळांना घेऊन धावा. खाली मी आहे. मला फार दिवस रिकामं बसवू नका.