पेटाऱ्यावरचे मोर

वजीर तांडेलाला स्वतःचं घर तोंडपाठ होतं. ओटीवरून माजघराचा उंबरा सात पावलं, उंबऱ्यापासून मागचं दार अकरा, आणि मागच्या दारापासून विहिरीचा कठडा एकवीस. स्वतःच्या घरात पावलं मोजतं कोण, असं कुणी विचारेल. ज्याला दिसत नाही तो मोजतो. आणि वजीरला दिसत नाही, ही गोष्ट साऱ्या बुरोंडी गावात एकट्या वजीरलाच ठाऊक होती.

चाळीस वर्षं त्यानं तांडेल म्हणून शिडाचा पडाव हाकला होता. ढगाची नुसती कड बघून वारा कुठून फिरणार ते सांगायचा, आणि खलाशी निमूट शीड आवरायला लागायचे. अशा माणसाला डोळ्यांनी दगा दिला तो दोन पावसाळ्यांपूर्वी. आधी कडेकडेचं गेलं, मग मधलं. पोस्टात काम आहे असं सांगून तो एकटाच एसटीनं दापोलीला जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू; गेलेलं परत येत नाही. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. भर उन्हात कुणी समोर उभं राहिलं तर एक काळसर डाग, बस्स.

मग त्यानं सांगितलं का नाही? मरियमसाठी. मुलगा फारुक कुवेतला, बायको केव्हाच अल्लाला प्यारी झालेली. घरात सून कुलसुम आणि तीन वर्षांची ही नात. रोज दुपारी कुलसुम पोरीला त्याच्या हवाली करून कधी मासळी बघायला, कधी शेजारी जायची. ते दोन तास म्हणजे वजीरचं उरलेलं आयुष्य होतं. गावात एका म्हाताऱ्याचे डोळे गेले तेव्हा घरच्यांनी त्याला ओटीच्या कोपऱ्यात बसवून ठेवलं. ताट वेळेवर यायचं, पण मांडीवर पोर काही कुणी पुन्हा दिलं नाही. वजीरनं ते बघितलं होतं, दिसत होतं तेव्हा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं दापोलीहून परततानाच ठरवून टाकलं.

शिवाय मरियमच्या पायात पैंजण होते. ते वाजले की पोर कुठे आहे ते कळायचं. दोघं लपाछपी खेळायची आणि दादा, म्हणजे आजोबा, तिला हमखास शोधून काढायचा. लपल्यावर हूं की चूं करायचं नाही, हा नियमही त्यानंच घालून दिलेला. पोर गप्प असली की पैंजण स्वच्छ ऐकू येतात, एवढाच त्यातला डाव.

सगळं असं बेतानं चाललेलं असताना फारुकची कॅसेट आली.

फारुक पत्र लिहीत नसे, कॅसेट भरून पाठवी. टेपरेकॉर्डर ओटीवर ठेवून तिघं ऐकत बसली. फारुक सांगत होता की ज्या शेठची गाडी तो चालवतो त्याच्या दिवाणखान्यात हिंदुस्थानातलं कोरीव लाकडी सामान आहे. पाव्हणा आला की शेठ खुर्चीच्या पाठीवर हात फिरवून दाखवतो, आणि पाव्हणा गेला की ती पुसतो फारुक. आपल्या पडवीत फणसाच्या फळ्या चार वर्षं वाळत पडल्यात आणि आपण पत्र्याच्या खुर्च्यांवर बसतो, ही कुठली अक्कल? रमजानच्या आधी तो सुट्टीवर येणार होता. तोवर झोपाळा, पेटारा, दिवाण, खुर्च्या, सगळं कोरीव, अस्सल, सुताराच्या हातचं होऊन घर सजलेलं हवं होतं.

कुलसुमला आनंद मावेना. वजीर मात्र मनातल्या मनात पावलं पुन्हा मोजू लागला. घरात एक साधी घागर सरकली तरी त्याचा घोटा फुटायचा, आणि इथे अख्खं घर बदलणार होतं.

आतल्या गावातला काशीराम सुतार आला आणि त्यानं घरापुढच्या खळ्यात मांडवाखाली बैठक मारली. बोलायला कमी, हाताला जड, पण खिळा न मारता लाकडात लाकूड असं बसवायचा की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. वजीर सकाळपासून त्याच्याजवळ जाऊन बसू लागला. तांडेल लाकूड पारखतोय असं लोकांना वाटे. खरं तर तो प्रत्येक वस्तू घरात जायच्या आधी हातानं पाठ करत होता. खुर्चीचा हात एवढा उंच, दिवाणाचा पाय एवढा बाहेर. फणसाच्या ताज्या तासलेल्या लाकडाला गोडसर वास असतो, त्या वासावरूनही काय कुठे आहे ते थोडंफार उमजे.

सगळ्यांत मोठा होता पेटारा. गुडघ्याहून थोडा उंच, माणूस झोपेल एवढा लांब. एकदा झाकण बसलं की मुंगीलाही वाट नाय, असं काशीराम त्याच्याबद्दल सांगायचा. बढाई त्यानं या कामात तेवढी एकच मारली, म्हणून ती वजीरच्या लक्षात राहिली.

हातानं वस्तू पाठ झाल्या, पण कुलसुमचं मन कसं पाठ करणार? एकेक सामान आत येऊ लागलं आणि तिला ते कुठेच पसंत पडेना. आज दिवाण खिडकीशी, उद्या भिंतीशी. झोपाळा पितळी कड्यांवर टांगला तो नेमका माजघराच्या मध्यावर, आणि खुर्च्यांना तर रोज नवा गाव. वजीरनं रात्री अंथरुणात पडून मनाशी जुळवलेला नकाशा सकाळी खोटा ठरायचा. नडग्या सोलून निघाल्या. गुडघा धरलाय, असं सांगून तो भिंतीला हात लावत चालू लागला. मरियमला कडेवर घेणंही त्यानं सोडलं होतं. पण कुलसुम हसून म्हणाली, दादा म्हातारे झाले वाटतं, आता पोर झेपत नाय. तो शब्द ऐकून त्याला ओटीचा तो कोपरा आठवला. त्याच दुपारी त्यानं पोरीला पुन्हा उचललं आणि ती कडेवर असताना तो उंबऱ्यावर असा ठेचकाळला की चौकट हाताला लागली नसती तर दोघं आडवी झाली असती. मरियमला गंमत वाटली. वजीरनं तिला खाली ठेवलं आणि उंबऱ्याची उंची पायानं पुन्हा मोजली.

असं असूनही त्यानं सांगितलं नाही. भीती दोन असल्या की माणूस त्यातली जवळची निवडतो, आणि वजीरला पोर जाण्याची भीती पडण्याच्या भीतीपेक्षा जवळची होती.

मग मोरांचा दिवस आला. कुलसुमनं काशीरामला आधीच बजावलं होतं की पेटाऱ्यावर वेल काढ, पानं काढ, पण जीव असलेलं काही नको. आमच्यात चालत नाय. काशीराम हो म्हणाला होता. पण त्याच्या तीन पिढ्या देव्हारे आणि चौरंग कोरण्यात गेलेल्या. जित्याची खोड ती जाते थोडीच? हात आपसूक वळला आणि पेटाऱ्याच्या दर्शनी फळीवर समोरासमोर दोन मोर उभे राहिले. ध्यानात आलं तेव्हा बिचाऱ्याला घाम फुटला. कुलसुम बंदरावर गेली होती, आणि तांडेल समोरून येत होता.

वजीर डोळस माणसासारखा दोन हात लांब उभा राहिला, मान तिरकी केली, आणि म्हणाला, "वेल झकास उतरली हो, काशीराम. पानं तर हालतायत असं वाटतं."

काशीरामची पटाशी थांबली.

"तांडेलचाचा," काशीराम हळू आवाजात म्हणाला, "ते मोर हायत."

वजीर चाचपत ओंडक्यावर बसला. कुणाला बोलू नको, अशी त्यानं गयावया केली. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला तांडेल एका सुतारापुढे हात जोडत होता.

"मी नाय बोलणार," काशीराम म्हणाला. "पण चाचा, पोर तुमच्या हवाली असते. आणि मागं विहीर हाय."

मोर मी काढून टाकतो, असं काशीराम पुटपुटला आणि पुन्हा पटाशी वाजू लागली. वजीर उठून गेला तो पुन्हा त्या पेटाऱ्याकडे फिरकला नाही. बाकीच्या वस्तू त्याला माहीत होत्या. पेटाऱ्याला मात्र त्या दिवसानंतर त्यानं हात लावला नाही, शरमेपोटी.

फारुक यायला आठ दिवस उरले. पेटारा आत आला, मागच्या भिंतीशी बसला. झाकणाला तेल लावून ते वाळायला उघडं टेकवून ठेवलं होतं. बाप येणार म्हणून मरियमचे पैंजण उजळायला सोनाराकडे गेले. वजीरनं विरोध केला, पण विरोधाचं कारण काय सांगणार?

त्या दुपारी काशीराम दापोलीला पॉलिश आणायला गेलेला. कुलसुम परसाच्या दगडी गडग्यापलीकडे शेजारणीशी बोलत होती, तिचा आवाज येत होता. मरियम म्हणाली, दादा, लपाछपी. वजीर नको म्हणाला. ती हट्टाला पेटली. त्यानं भिंतीकडे तोंड करून दहा आकडे मोजले, आणि मोजता मोजता कुठेसा धप्प आवाज झाला. परसात नारळ पडला असेल, असं त्याला वाटलं.

"मरियम?"

पोर हूं की चूं करीना. आज पैंजणही नव्हते.

खेळ संपला, बाहेर ये, असं त्यानं सांगून बघितलं. काही नाही. ओटी चाचपली, दिवाणाखाली हात फिरवला, झोपाळ्याची फळी कपाळावर आदळली. मग त्याला वारा लागला. मागचं दार उघडं होतं.

एकवीस पावलं तो चालला नाही, धावला. कठड्यावर ओणवून त्यानं विहिरीत हाक मारली. त्याचीच हाक घुमून वर आली. पाणी गप्प होतं, आणि पाणी पोर पडल्यावरही गप्पच असतं, हे समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

गडग्यापलीकडे कुलसुम हसली. एक हाक मारली असती तर ती दोन उड्यांत आली असती. वजीरनं तोंड उघडलं आणि मिटलं. कठड्याला गुळगुळीत शेवाळ होतं, ते कुठे खरवडलेलं लागत नव्हतं; पोर इथे आली नसेल, घरातच असेल, गावेल आता, असं तो स्वतःला सांगत राहिला. खरं ते सांगायलाच हवं: त्या घटकेला त्यानं पोरीपेक्षा झाकली मूठ सांभाळली. पुढे जन्मभर त्याला हे विसरता आलं नाही.

घरात परत येताना त्याला तो धप्प आवाज पुन्हा आठवला. नारळ मातीत पडला की असा वाजत नाही. लाकूड लाकडावर पडलं की वाजतं.

झाकण बसलं की मुंगीलाही वाट नाय.

हात पुढे करून तो मागच्या भिंतीकडे झेपावला. हाताला लागली नुसती भिंत. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. पेटारा तिथे नव्हता. सकाळी वजीर खळ्यात असताना कुलसुमनं शेजारणीला घेऊन तो हलवला होता आणि त्याला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. दिसणाऱ्या माणसाला कोण सांगतं? आत पोर श्वासासाठी तडफडत असेल, आणि त्याला पेटारा सापडत नव्हता, आपल्याच घरात, भर दुपारी.

"कुलसुम!" तो ओरडला. वादळात शिडावरच्या खलाशाला ऐकू जाईल असा तो आवाज होता. "मना दिसत नाय! मी आंधळा हाय! पोर पेटाऱ्यात हाय, पेटारा गावत नाय!"

ओरडत तो पुढे गेला, कशाला तरी अडखळला आणि हातांवर पडला. पडता पडता तळवा लाकडाला लागला. गोड वासाचं, तेल लावलेलं लाकूड. बोटं पुढे सरकली आणि भोकांत गेली. एक नाही, कितीतरी भोकं. मोर तासून काढले असते तर फळी पातळ झाली असती, म्हणून काशीरामनं ते आरपार कापून तिथे जाळी केली होती. त्या जाळीतून त्याच्या बोटांवर ऊन ऊन वारा आला. मग एक इवलंसं बोट आतून त्याच्या बोटाला लागलं.

"दादा," आतून कुजबुज आली, "पकडलंस?"

त्यानं झाकण वर लोटलं. पोर घामानं भिजली होती आणि हसत होती. आणखी चार श्वास तो थांबला असता तर मूठ झाकलेलीच राहिली असती. पण ते चार श्वास त्याला घेता आले नाहीत, आणि त्याबद्दल त्याला कधी पस्तावा झाला नाही.

दारात कुलसुम उभी होती. तिचा श्वास लागलेला ऐकू येत होता.

"अब्बा, कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले."

ती खाली बसली ते त्याला बांगड्यांवरून कळलं. दोन वर्षांच्या दुपारी ती मोजत असणार. प्रत्येक दुपारी उघडं मागचं दार आणि एकवीस पावलांवर विहीर. ती ओरडली नाही. तिनं मरियमला उचललं, आत नेलं, आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आणलं नाही. वजीर ओटीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. कुणी बसवायची वाट त्यानं बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी कुलसुमनं काशीरामच्या हातानं सगळं सामान भिंतीला लावून घेतलं. विहिरीच्या वाटेवर फाटक बसवायला सांगितलं. मग ती ओटीवर आली, सासऱ्याचा हात धरला, आणि एकेका वस्तूवर तो ठेवत त्याला घरभर फिरवलं. हा दिवाण. ह्या खुर्च्या. इथून झोपाळा. तिचा हात थंडगार होता. ती अजून भ्यालेलीच होती.

"आता काय पण हलणार नाय," ती म्हणाली. "पण पोर एकट्याकडं नाय देणार, अब्बा. मी समोर असेन तेव्हाच."

वजीरनं मान हलवली. तिचं चुकत नव्हतं, आणि तरी ते ऐकताना त्याचे ते निकामी डोळे भरून आले.

शेवटी तिनं त्याला पेटाऱ्यापाशी बसवलं आणि स्वतः पलीकडे तांदूळ निवडायला बसली. सोनाराकडून पैंजण आले होते. ते वाजत आले आणि त्याच्या मांडीशी थांबले. वजीरनं जाळीवरून बोटं फिरवली. वेल सुरेख होती, आता ती खरोखरच वेल होती. अगदी खालच्या कडेला, पानाच्या आड, बोटाला काहीतरी लागलं. तीन नख्या आणि एक टाच. सगळा मोर कापताना त्याचा एक पाय काशीरामच्या पटाशीतून राहून गेला होता. घरात डोळस माणसं होती, काशीराम होता, पण तो पाय कुणालाच दिसला नव्हता.

वजीरनं कुलसुमच्या दिशेनं कान दिला. सूप चालू होतं. मग त्यानं मरियमचं इवलं बोट हातात घेतलं आणि हळूच त्या पायावर ठेवलं.