डावी भुवई

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर पोकर रंगतो. पैशांचा नाही हं. मी बायकांचे कपडे शिवते, घरात बटणं ढिगाने पडलेली, तीच आमची नाणी. हरेल त्याने भांडी घासायची. खेळणारे चौघं: मी, आमचे हे, यांची धाकटी बहीण, आणि यांचे मालक, चष्मेवाले शेठ. धाकटीला आम्ही चिमणी म्हणतो, कारण तिचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं.

हे शेठच्या दुकानात काउंटर सांभाळायचे. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून असे काही हसायचे की एक चष्मा घ्यायला आलेला माणूस दोन घेऊन जायचा. मग एका सकाळी हे चूळ भरायला गेले आणि पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर गळायला लागलं. चेहऱ्याची डावी बाजू पार लुळी. डोळा मिटेना, भुवई हलेना, हसायला गेले तर अर्धंच हसू. डॉक्टर म्हणाले, नसेला सूज आहे, बहुतेकांचं आपोआप बरं होतं, काहींचं होत नाही. आमचे त्या काहींमधले निघाले. नशीब माझं, दुसरं काय!

तर मी कंबर कसली. घास कुस्करून दिले, ग्लासात नळी घातली, रात्री डोळा उघडा राहू नये म्हणून पापणीवर पट्टी चिकटवली. घर चालावं म्हणून ब्लाउज नि फ्रॉक दुप्पट शिवले. डॉक्टरकडे मात्र हे एकटेच जायचे, 'तुझं काम खोळंबतं' म्हणून. लोक म्हणतात मी तापट आहे. म्हणू देत, लोकांना कामधंदा नाही. पण आजारी माणसावर कोण ओरडेल? या सगळ्या दिवसांत मी घरातलं एक दार आपटलं नाही.

त्या रविवारी पत्ते वाटायच्या आधीच शेठनी घसा खाकरला.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. यांची जागा मी अजून रिकामी ठेवलीये. पण एक तारखेनंतर मला दुसरा माणूस घ्यावाच लागेल. गिऱ्हाईक बिचकतं हो."

एक तारीख पुढच्याच आठवड्यात. यांच्याकडे बघितलं, तर हे खाली मान घालून बटणांच्या चळती लावत होते.

"काय ते दादाचं तोंड!" चिमणी म्हणाली. "पण पोकरला बरंय. काही कळतच नाही बाई."

आता हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. यांनी थाप मारली की यांची डावी भुवई वर जायची. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं होतं, आणि तेव्हापासून मी यांना लुटत होते. हे बिचारे मला शिकवायचे, "ब्लफ केव्हा मारायचा ठाऊक आहे? समोरचा सोडून देईल अशी खात्री असेल तेव्हा. आणि पहिल्या पत्त्यापासून गोष्ट जुळली पाहिजे. मध्येच आठवलं म्हणून मारली थाप, असं नाही चालत. तुझ्यावर तर मारूच नये. तू चिडतेस आणि मग हट्टाने पत्ते धरून बसतेस." मी हो हो म्हणायचे आणि भुवईकडे बघायचे. ती भुवई मेल्यापासून मात्र मला काहीच कळत नव्हतं. शिवाय हल्ली दया यायची. यांनी जरा जोर लावला की मी पत्ते खाली ठेवायचे. जिंकू देत बापडे, म्हणायचे.

त्या डावात माझ्या हातात राजा आणि राणी. मधे सगळ्यांसाठी उघडलेल्या तीन पत्त्यांत इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी आणि एक दुर्री. मी बटणं लावली, यांनी मुकाट्याने तेवढीच टाकली. चौथा पत्ता राणी! माझ्या दोन जोड्या झाल्या. मी अजून लावली, यांनी परत मुकाट्याने तेवढीच टाकली. शेठ आणि चिमणी केव्हाच डाव सोडून बसलेले. शेवटचा पत्ता उघडला तो इस्पिकची चौकी. आणि यांनी सगळीच्या सगळी बटणं पुढे सरकवली.

गोष्ट अगदी जुळत होती. हातात दोन इस्पिक असणार, तिसऱ्या, चौथ्या पत्त्याला गपचूप वाट बघत बसले असणार, आणि आता पाच इस्पिक जमले. माझ्या दोन जोड्यांचं त्यापुढे काय चालतंय! सोडून द्यावं म्हणून मी पत्ते उचलले. उचलता उचलता सहज यांच्याकडे बघितलं.

डावी भुवई वर गेली होती.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढाच वेळ. परत खाली आली, आणि तो अर्धा चेहरा पुन्हा लोंबायला लागला. शेठ चष्मा पुसत होते. चिमणी पाणी पीत होती. मी एकटीने पाहिलं. माझ्या हातातले पत्ते गार लागायला लागले. अगं बाई गं! एका वेळी दोन थापा कोणाला झेपतात?

"सोडलं," मी म्हणाले. जिंकलेला डाव मी तसाच ठेवला आणि उठले. "अहो, जरा आत या. तो वरचा डबा काढून द्या."

स्वयंपाकघराचं दार मी हळू लोटलं.

"भुवई वर करा."

"अगं, कशी होणार? डॉक्टर म्हणाले ना..."

"करा म्हणते ना."

यांनी माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही भुवया वर गेल्या. अगदी सरळ, एका रेषेत. ज्या भुवईसाठी मी नाही नाही त्या देवाला हात जोडले होते, ती ही इथे, माझ्यासमोर, टुणटुणीत! मी ओट्याला धरलं.

"केव्हापासून?"

"दोनेक महिने झाले असतील."

"दोन महिने! अहो, मी काल रात्रीसुद्धा पट्टी लावली तुमच्या पापणीला!"

"तेच तर."

"तेच तर काय?"

"लावताना तू फुंकर घालतेस." हे जमिनीकडे बघत बोलत होते. "आजारी पडल्यापासून तू एकदाही ओरडली नाहीस माझ्यावर. एकदाही. मला वाटलं, आणखी आठ दिवस राहू दे. मग आणखी आठ दिवस."

"नोकरी चाललीये तुमची! पुढच्या आठवड्यात तिथे दुसरा माणूस उभा राहील. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"आणि तरी?"

"तरी."

मला काय झालं सांगू! कानशिलं तापली, छातीत भडका उडाला, आणि मी तोंड उघडलं. अजून शब्द फुटला नव्हता, तोच यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. खांदे कानांपर्यंत वर आले. ओठ आवळले गेले, दोन्ही बाजूंनी. समोरून काही तरी अंगावर येणार हे ठाऊक असलेला माणूस उभा राहतो ना, तसे उभे राहिले, सवयीने. इतकी वर्षं मी ओरडत होते आणि ओरडताना यांच्या तोंडाकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

मी तोंड मिटलं.

"शेठना सांगा," शेवटी मी म्हणाले, जमेल तितकं हळू. "सांगा, उद्यापासून येतो म्हणून."

"सांगतो," हे म्हणाले. डोळे उघडले होते, खांदे तसेच.

बाहेरून चिमणीने हाक मारली, "वहिनी, वाटू का गं पत्ते?"

"थांब जरा!" मी इथूनच ओरडून सांगितलं, आणि हे अर्धं पाऊल मागे सरकले.